बाबांची साक्ष

आमचे बाबा २०२२ सालच्या पावसाळ्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी, अकोल्यात प्रभूघरी गेले. अखेरचे संस्कार त्यांनी शुद्धीवर असताना घेतले आणि दोन दिवसांनी, पहाटे, फारसा त्रास न होता त्यांचा श्वास थांबला. अंत्यविधीच्या मिस्साबलीत फादरांनी प्रवचनात त्यांची तुलना संत योसेफांशी केली. हाताने कष्ट करणारा, मितभाषी, देवभीरू कुटुंबप्रमुख. ही तुलना चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पटली. मलाही पटली. तरीही पुढे कितीतरी दिवस तिचा एक भाग माझ्या मनात घोळत राहिला. चारही शुभवर्तमानांत संत योसेफांच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. ते ऐकतात, उठतात आणि सांगितलेले करतात. आमचे बाबाही जवळजवळ असेच जगले. परंतु आयुष्यात एकदा, गप्प राहणे सर्वांच्याच सोयीचे असताना, ते बोलले. त्या चार वाक्यांनी आमच्या घराची वाट बदलली. त्यांच्या कष्टांचा आणि त्यांच्या श्रद्धेचा सांधा मला त्या बोलण्यातच सापडतो. म्हणून बाबांविषयी लिहायचे तर त्याविषयीच लिहिले पाहिजे.

बाबांचा जन्म १९३४ सालचा, दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. विहीर खणली तर खारे पाणी लागायचे. त्यामुळे शेती पावसाच्या हवाली आणि पिण्याचे पाणी दूरच्या गोड्या विहिरीच्या हवाली. आमचे आजोबा एका शेतकऱ्याकडे सालदार होते. संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे धर्मगुरू त्या भागात बैलगाडीने फिरत असत. त्यांच्या मुखातून आमच्या घराण्याने ख्रिस्ताचे नाव ऐकले आणि ते धरून ठेवले. बाबांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. १९५० साली, सोळाव्या वर्षी, ते एका फडक्यात दोन भाकरी बांधून अमरावतीला आले आणि एका जिनिंगमध्ये हरकाम्या पोऱ्या म्हणून लागले.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी या धंद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडे कापूस वेचून घरात आला म्हणजे त्याचे पैसे झाले असे नाही. त्यातून सरकी आणि रुई वेगळी व्हावी लागते. तीन किलो कापसातून साधारण एक किलो रुई निघते, बाकी सरकी. हे काम रेचा करतो. रेच्यात चामड्याच्या चकत्या घट्ट बसवून केलेले दोन रूळ असतात. रुळाला एक स्थिर पाते टेकलेले असते आणि दुसरे पाते सारखे वर-खाली हलत असते. चामडे रुईचे तंतू ओढून नेते आणि हलते पाते सरकीला मागे लोटते. स्थिर पात्याचा दाब जास्त झाला तर रूळ तापतो, चामडे करपते, रुई पिवळी पडते. कमी झाला तर सरकीला रुई चिकटून राहते आणि मालकाचे नुकसान होते. हलत्या पात्याची बैठक चुकली तर सरकी फुटते आणि रुईला तेलाचे डाग लागतात. हा दाब आणि ही बैठक जमवणारा माणूस म्हणजे जिनिंगचा फिटर. बाबा पुढे असे फिटर झाले.

त्यांना हे काम शिकवले ते एका मुसलमान उस्तादांनी. उस्तादांचा पहिला धडा बाबा आम्हांला अनेकदा करून दाखवीत. पेचकसाचे टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. आतली घरघर स्पष्ट ऐकू येते. उस्ताद म्हणत, "बेटा, मशीन पहले बोलती है, बाद में टूटती है।" बाबा ऐकायला शिकले. आमच्या घरातील पंखा, शेजाऱ्यांची पिठाची गिरणी, बसचे इंजिन, जे काही फिरते त्याच्याजवळ ते क्षणभर थांबत आणि मान किंचित कलती करत. माय थट्टेने म्हणे, की हे देवळातही घंटेच्या खुंटीचेच ऐकत असतील.

माप घेण्याची त्यांची भाषा सुतारालोहाराची, म्हणजे सुताची. "अर्धा सूत ढिलं आहे," असे म्हणून ते एखादा बोल्ट पाव फेरा आवळीत, आणि रेच्याचा आवाज बदलत असे. लहानपणी मला तो चमत्कार वाटे. नवीन करारात संत योसेफांच्या व्यवसायासाठी 'तेक्तोन' असा मूळ ग्रीक शब्द आहे. त्याचे भाषांतर आपण 'सुतार' असे करतो, पण त्याचा अर्थ त्याहून रुंद आहे. हाताने वस्तू घडवणारा, बांधणारा कारागीर त्यात येतो. हे मला फार उशिरा, एका शिबिरात कळले. घरी येऊन बाबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "म्हंजे मिस्त्रीच त."

जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. हंगामात यंत्रे दिवसरात्र फिरत. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे आणि रविवारची सुट्टी नावापुरती उरे. नाताळ तर नेमका हंगामाच्या मध्यावर. आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की त्या काळी कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून काहीही खाता येत नसे, आणि १९५३ पर्यंत तर पाणीही वर्ज्य होते. रात्रपाळी करणाऱ्या माणसासाठी या नियमाचा अर्थ काय होत असेल याचा विचार करावा. रुईच्या धुळीने घसा कोरडा पडलेला, सोबतचे कामगार रात्री दोन वाजता भाकरी सोडून बसलेले, आणि सतरा-अठरा वर्षांचा हा पोरगा रेच्याला तेल घालत उपाशी फिरतो आहे. सकाळी भोंगा झाला की हातपाय धुऊन तो तसाच चर्चकडे निघे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी उपवासाचा हा काळ तीन तासांवर आणला. बाबा या गोष्टीचा उल्लेख करताना म्हणत, "पोपसाहेबानं माह्यावर मोठे उपकार केले." त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे आणि बढाईही नसे.

पोप बारावे पायस यांचे आणखी एक ऋण बाबा मानीत. १९५५ साली १ मे रोजी पोपमहोदयांनी रोममध्ये जमलेल्या कामगारांसमोर 'कामकरी संत योसेफ' हा सण जाहीर केला. त्याच मे महिन्यात नागपूर धर्मप्रांतातून अमरावतीचा नवा धर्मप्रांत निर्माण झाला आणि जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. एकाच महिन्यात आपल्याला स्वतःचा संत मिळाला आणि आपल्या गावाला स्वतःचे महागुरुस्वामी मिळाले, असा त्यांचा हिशेब होता. पुढे दरवर्षी १ मे रोजी ते आपला पाना, कानस आणि तेलाचा डबा घासूनपुसून देव्हाऱ्यातील संत योसेफांच्या तसबिरीपुढे मांडत. आमच्या मोहल्ल्यातील लोक दसऱ्याला हत्यारे पूजतात; आमच्याकडे ती मे महिन्यात उजळत.

त्यांची भक्ती याहून फारशी सजलेली नव्हती. रोज रात्री माळेची प्रार्थना, तीही कुटुंबासह. रात्रपाळी असेल तर कामावर जाण्यापूर्वी. लहानपणी त्यांनी मिस्साची लॅटिन उत्तरे कानाने पाठ केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीतून मिस्सा सुरू झाली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटले. बाबांना मात्र आनंद झाला. आपण इतकी वर्षे काय म्हणत होतो ते आता कळले, असे ते म्हणाले.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ते पाळी बदलून घेऊन येत. आंघोळ करायला वेळ मिळत नसे. केसांत, भुवयांत, मिशांत रुईचे तंतू अडकलेले असत आणि आम्ही मुले त्यांना नाताळबाबा म्हणून चिडवीत असू.

जिनिंगमध्ये त्यांना निराळेच नाव होते. पाळी संपल्यावर रेच्यांच्या रांगेतली जमिनीवर पडलेली रुई ते स्वतः झाडून काढीत. ते फिटरचे काम नव्हते. परंतु पडलेल्या रुईवर ठिणगी उडाली तर सारे जिनिंग पेटते, हे त्यांनी पाहिले होते. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे निवर्तले आणि त्यांची समाधी अमरावतीतच झाली. त्या दिवसांत सारे शहर हळहळत होते. तेव्हापासून सोबतचे कामगार बाबांना 'किरिस्तावाचे गाडगेबाबा' म्हणू लागले. या नावाचा त्यांना संकोच वाटे. पण त्यांनी झाडू सोडला नाही.

आता त्या प्रसंगाकडे वळतो. तो १९७२ सालच्या जानेवारीत घडला. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यातले बरेचसे मला पुढे मायकडून आणि बाबांच्या एका जुन्या सोबत्याकडून कळले.

बाबा काम करीत त्या जिनिंगमध्ये सर्व रेचे एका लांब धुऱ्यावरून पट्ट्यांनी फिरत. प्रत्येक पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवलेली असे. १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम हेच सांगते: यंत्राचे धोक्याचे भाग झाकलेले असले पाहिजेत. परंतु हंगाम जोरात असला म्हणजे पट्टे सैल पडून घसरतात. मग त्यांना राळ लावावी लागते. जाळी असेल तर यंत्र थांबवून, जाळी खोलून, राळ लावून पुन्हा बसवावी लागते; प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे जातात. जाळी नसेल तर चालत्या पट्ट्यालाच राळ लावता येते. फाटकावर गाड्या खोळंबल्या होत्या. व्यवस्थापकांनी बाबांना जाळ्या काढून ठेवायला सांगितले. बाबा म्हणाले, "हे बरं नाई साहेब." व्यवस्थापकांनी पुन्हा सांगितले. बाबांनी जाळ्या काढल्या.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळच्या पाळीत, रेच्यावर कापूस टाकणारी एक बाई टोपले घेऊन दोन रेच्यांमधल्या बोळातून जात असताना तिचा पदर पट्ट्यात गेला. पदर सोडवायला तिने उजवा हात घातला. बाबा दोन रेचे पलीकडे होते. त्यांनी धावत जाऊन पट्टा उडवला, परंतु तोवर जे व्हायचे ते झाले होते. तिचा जीव वाचला. हात कोपरापासून काढावा लागला. ती विधवा होती आणि तिला दोन लहान मुले होती.

आठवडाभरात कारखाना निरीक्षक चौकशीला येणार असे कळले. आदल्या रात्री व्यवस्थापक आमच्या खोलीवर आले. असे मोठे माणूस आमच्या दारात प्रथमच येत होते. मायने त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणली. त्यांचे म्हणणे थोडक्यात होते. जाळी जागेवर होती, बाईने बाहेर साफसफाई करताना ती स्वतःच काढली, एवढेच मिस्त्रींनी सांगायचे. या वाक्यामागे कायद्याची एक बारीक कळ होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे कामगाराने सुरक्षेची व्यवस्था जाणूनबुजून काढून टाकल्यामुळे इजा झाली, तर मृत्यूचा प्रसंग सोडून इतर इजेसाठी मालकावर भरपाईची जबाबदारी येत नसे. म्हणजे बाबांच्या एका वाक्याने जिनिंग सुटणार होते, बाबाही सुटणार होते आणि त्या बाईला काहीच मिळणार नव्हते. खोटे बोलण्यात बाबांचा स्वतःचा बचाव होता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जाळी त्यांच्याच हाताने निघाली होती.

ते गेल्यावर मायने विचारले, "काय सांगान तुमी?" बाबा म्हणाले, "तिचा हात त गेलाच. आता तिचं खरंबी नेलं, त तिच्यापाशी उरलं काय?" माय म्हणाली, "अन् या लेकरायच्या पोटाचं काय?" यावर बाबांनी काही उत्तर दिले नाही. त्या रात्री आमच्या घरी माळेची प्रार्थना झाली, पण ती नेहमी सुरू करणारे बाबा गप्प बसून होते आणि मायने ती पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांसमोर बाबा म्हणाले, "जाळी पंधरा दिवसांपासून नव्हती साहेब. म्याच काढली, या पान्यानं. मले काढाले सांगतलं होतं. त्या बाईचा काही दोष नाई." पाना त्यांच्या हातातच होता. आयुष्यभर कमी बोललेल्या माणसाची ही चार वाक्ये. तो सोबती मला सांगत असे, की हे ऐकल्यावर तिथे बराच वेळ फक्त धुऱ्याचा आवाज येत राहिला.

हंगामाच्या मध्यात फिटर बदलणे परवडणारे नव्हते, म्हणून होळीपर्यंत बाबांना कामावर ठेवले गेले. त्यानंतर त्यांना बोलावणे आले नाही. अमरावतीतील दुसऱ्या दोन-तीन ठिकाणीही त्यांचे काम जमले नाही. बातमी त्यांच्या आधी पोहोचलेली असे. जून महिन्यात एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर आम्ही अकोल्याला निघालो. बडनेऱ्याहून पॅसेंजर गाडी. सोबत एक ट्रंक, दोन बारदाने, स्वयंपाकाची भांडी आणि काचेला वर्तमानपत्र गुंडाळलेली संत योसेफांची तसबीर. मूर्तिजापूरला आमची गाडी थांबली तेव्हा शेजारी शकुंतलेची बुटकी गाडी धूर सोडत उभी होती. बाबांनी आम्हां मुलांना खिडकीशी घेऊन तिच्या इंजिनाचा दांडा चाक कसे फिरवतो ते समजावून सांगितले. नोकरी नसलेला, चार मुलांचा बाप. पण यंत्र समोर आले की त्यांचा चेहरा उजळे.

१९७२ चा पाऊस महाराष्ट्राला दगा देऊन गेला. अकोल्यातले पहिले सहा महिने आम्ही कसे काढले ते माय कधीच तपशिलाने सांगत नसे. बाबा सायकली दुरुस्त करीत, पंपाच्या मोटारी उघडत, मिळेल ते करीत. माय सरकी निवडायला जाऊ लागली. त्याच वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खरेदी केंद्रांवर कापसाचे ढीग लागले, जिनिंगांना काम मिळाले आणि हंगाम सुरू झाल्यावर बाबांना एका जिनिंगमध्ये पुन्हा रेच्यांची रांग मिळाली. तिथे त्यांनी १९९४ पर्यंत, साठीपर्यंत, काम केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले फिटर आज खामगावापासून यवतमाळपर्यंत आहेत. पाळी सुरू होण्यापूर्वी बाबा प्रत्येक जाळीवर हात ठेवून ती हलवून पाहत, मग खुणेचा हात वर करीत. नवख्या माणसांना वाटे, की मिस्त्री यंत्राला आशीर्वाद देत आहेत.

नुकसानभरपाईची सुनावणी आम्ही अकोल्याला आल्यानंतर झाली. स्वतःच्या खर्चाने बाबा अमरावतीला गेले आणि तेच पुन्हा सांगितले. त्या बाईला भरपाई मिळाली. ती रक्कम हाताची किंमत नव्हती; पण तिच्या मुलांच्या काही वर्षांच्या भाकरीची सोय झाली. त्यानंतर दरवर्षी हंगाम संपला की बाबा एक दिवस अमरावतीला जात. तिच्यासाठी एक लुगडे आणि जमेल तेवढे पैसे नेत. माय सुरुवातीला कुरकुरली. नंतर लुगडे तीच निवडू लागली. एकदा मी बाबांबरोबर गेलो होतो. त्या बाईने डाव्या हाताने चहा करून दिला, पैसे मोजून घेतले आणि पाण्यापावसाचे बोलली. निघताना बाबांनी हात जोडले. तिने मान हलवली. तिने त्यांना क्षमा केली होती की नाही, मला सांगता येत नाही. बाबांनी ती कधी मागितली नाही. परतीच्या गाडीत ते एवढेच म्हणाले, "म्या एकदा नाई म्हणलो. दुसऱ्यांदाबी म्हणाले पाह्यजे होतं."

मला वाटते, बाबांच्या धर्मजीवनाचे सार या वाक्यात आहे. खरे बोलल्याबद्दल लोकांनी त्यांची पाठ थोपटली असती, तर ते तेथून उठून गेले असते. सत्य सांगणे ही त्यांच्या लेखी मोठी कृती नव्हतीच. ती चुकलेल्या बैठकीची दुरुस्ती होती. बोल्ट ढिला राहिला तर आवळायचा, इतके ते साधे. त्यांच्या हिशेबात खरा प्रश्न होता तो त्या पंधरा दिवसांचा. पापनिवेदनाला ते दर महिन्याला जात. तेथे काय बोलत ते परमेश्वर जाणे. परंतु क्षमा मिळाली म्हणून हिशेब मिटला, असे मानणारा हा माणूस नव्हता. क्षमा मिळालेला माणूस दर उन्हाळ्यात बडनेऱ्याचे तिकीट काढतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

परंतु बाबांची ही गोष्ट सांगताना माझ्या ताईला वगळले तर ती अर्धी राहील. आम्ही अकोल्याला आलो तेव्हा ताई अकरा वर्षांची होती, सहावीची परीक्षा दिलेली, वर्गात पहिल्या तिघांत असणारी. माय कामाला जाऊ लागली आणि धाकट्या दोघांना सांभाळायला ताई घरी राहिली. एक वर्ष म्हणता म्हणता तीन वर्षे गेली आणि ती शाळेत परत गेलीच नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, हे लिहितो आहे. ताईने शिवणकामावर संसार केला. बाबांना माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही भावंडे बसलो असताना त्या जुन्या साक्षीचा विषय निघाला. सगळे बाबांचे कौतुक करीत होते. ताई शांतपणे म्हणाली, "बाबा खरं बोलले, मले त्याचा अभिमानच आहे. पन त्या खऱ्याची फी माह्या शाळेनं भरली."

कोणीही काही बोलले नाही, कारण ते खरे होते. आपण नीतिमान माणसांच्या कथा ऐकतो तेव्हा त्यांच्या निर्णयाची किंमत त्यांनीच चुकवली असे समजतो. पुष्कळदा ती घरातले सर्वांत लहान खांदे उचलतात. बेथलेहेमहून रातोरात मिसर देशाकडे निघालेल्या त्या कुटुंबात निर्णय योसेफांनी घेतला. प्रवास मात्र बाळंतीण आईलाही करावा लागला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या डिसेंबरपासून एक वर्ष संत योसेफांना समर्पित केले होते. त्या निमित्ताने लिहिलेल्या पत्रात त्यांनी योसेफांना कष्टकरी पिता म्हटले आहे आणि छायेत राहणारा पिताही म्हटले आहे. आमच्या घरात छायेत राहिली ती ताई.

बाबांना हे ठाऊक होते. त्यांनी ते शब्दांत कधी मांडले नाही, पण पहिल्या चांगल्या हंगामाच्या पैशांतून त्यांनी ताईसाठी जुने शिलाई मशीन विकत घेतले, ते पूर्ण खोलून नव्यासारखे जुळवले आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, ते त्या मशीनला तेल घालायला तिच्याकडे जात. तिचे लग्न होऊन घर गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले, तरी हा नेम सुटला नाही. रुईच्या धुळीने फुप्फुसे थकली होती. वाटेत दोनदा थांबून खोकत, पण पोहोचत. पेचकस कानाला लावून ते त्या मशीनचे ऐकत. ताई म्हणते, त्या वेळी ते मशीनशी बोलत आहेत की माझ्याशी, हे कळत नसे. तेल घालून झाले की चहा घेत आणि उठत. "चालते ठीक," एवढेच म्हणत. आता त्यांचा तेलाचा डबा ताईकडे आहे. आम्हां भावंडांमध्ये त्या डब्यावर हक्क सांगण्याची कोणाची छाती झाली नाही.

त्यांच्या मागे घर सोडले तर फारशी मालमत्ता नाही. एक पाना, एक कानस, एक फीलर गेज, मणी झिजून गुळगुळीत झालेली एक माळ. मणी काळे दिसतात. मूळचे ते पांढरे होते की तपकिरी, यावर आमच्यात एकमत नाही. तेलाच्या हातांनी केलेली प्रार्थना देवाला मळकट वाटत नसावी, असा माझा विश्वास आहे.

दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. वऱ्हाडात त्याच सुमारास नवा कापूस यायला लागतो आणि जिनिंगे सुरू होतात. या नियतकालिकाच्या वाचकांनी त्या दिवशी आमच्या बाबांसाठी एक नमो मरिया म्हणावी, ही विनंती. दुसरी त्या बाईसाठी म्हणावी. ती आता हयात नाही आणि तिचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही. आणि तिसरी माझ्या ताईसाठी. ती हयात आहे, रोज सकाळी मशीनवर बसते आणि अजूनही अकोल्याच्या चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असते.